लॅपटॉपची स्मृती : तबकडीपासून चिपपर्यंत

शाळाशाळांतून जाणे होते तेव्हा एक दृश्य आम्हाला हमखास दिसते. मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाट उघडावे, तर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली एक लॅपटॉप पडलेला असतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एखाद्या माजी विद्यार्थ्याने तो शाळेला भेट दिलेला. ‘चालतो का?’ असे विचारले, की उत्तर ठरलेले : ‘चालतो, पण फार हळू. सुरू होईपर्यंत निम्मा तास जातो.’ पस्तीस मिनिटांच्या तासात यंत्राची वाट पाहत बसणे कोणाला परवडणार? मग शिक्षक पुन्हा खडूकडे वळतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

अशा लॅपटॉपचे काय करावे, त्यात नवी डिस्क बसवायची तर कोणती, असे शिक्षक आम्हाला विचारतात. दुकानदाराने त्यांना तीन नावे सांगितलेली असतात. एक साधी हार्ड डिस्क, दुसरी एसएसडी, आणि जुन्या मालात मिळाली तर तिसरी हायब्रिड. याचे उत्तर एका ओळीत देता येते व ते पुढे येईलच. परंतु या तीन वस्तू म्हणजे एकाच जुन्या अडचणीवर काढलेले तीन तोडगे आहेत. ती अडचण समजली, तर दुकानदाराच्या बोलण्यातील खरे-खोटे आपले आपल्याला पारखता येते. म्हणून गोष्ट आरंभापासून सांगतो.

गोष्टीचा आरंभ एका शाळामास्तरापासून होतो. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेतील मिशिगन राज्यात आयर्नवुड येथील हायस्कुलात शिकवीत असत. पेन्सिलीतील ग्राफाइट विजेचे वाहक असते हे आपण मुलांना सांगतो. जॉन्सन यांनी त्याचा उपयोग करून, बहुपर्यायी उत्तरपत्रिकेवरील पेन्सिलीच्या खुणा विजेने ओळखून गुण देणारे यंत्र बनवले. १९३४ मध्ये आयबीएम कंपनीने ते यंत्र घेतले आणि यंत्राबरोबर मास्तरांनाही घेतले. पुढे १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे एक छोटी प्रयोगशाळा काढण्यासाठी कंपनीने त्यांनाच पाठवले.

त्या काळी माहिती ठेवली जाई ती भोके पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर. फितीचा दोष आपल्या पिढीला वेगळा सांगायला नको. कॅसेटवरील सातवे गाणे ऐकायचे तर आधीची सहा पुढे सरकवावी लागत. कारखान्याच्या कोठारात एखाद्या सुट्या भागाचे किती नग शिल्लक आहेत, एवढे पाहायलाही कारकुनाला कार्डांच्या पेट्या उपसाव्या लागत. हवी ती नोंद, हवी तेव्हा, मधल्या नोंदी न चाळता थेट हाती यावी, हा जॉन्सन यांच्या चमूपुढील प्रश्न होता.

त्यांचे उत्तर ग्रामोफोनसारखे होते. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, आणि त्या मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या. तबकडीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा रंग असे. तो सारखा पसरावा म्हणून फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ ओतीत व तो आपोआप कडेकडे पसरे. (वर्गात फिरत्या थाळीवर पातळ रंग ओतून हा प्रयोग करून पाहता येईल, मात्र कपडे सांभाळावेत.) या सगळ्या चळतीसाठी हात एकच होता. तो आधी हव्या त्या तबकडीपर्यंत वर-खाली सरके, मग दोन तबकड्यांच्या फटीत आत शिरे. हाताच्या टोकाशी चुंबकीय खुणा वाचणारे व लिहिणारे शीर्ष, म्हणजे तंत्रज्ञांच्या भाषेतील ‘हेड’, असे. हेड तबकडीला घासू नये म्हणून मधून दाबाखालील हवा सोडलेली असे.

सप्टेंबर १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ या नावाने हा संगणक जाहीर झाला. त्याच्या डिस्कवर ५० लाख अक्षरे मावत आणि कोणतीही नोंद सरासरी सहा दशांश सेकंदात हाती येई. कार्डे उपसण्यापुढे ही जादूच होती. पण यात एक गोष्ट कायमची ठरून गेली. हवी ती खूण वाचायची, तर आधी हाताने योग्य वर्तुळापर्यंत जायचे आणि मग तबकडी फिरून ती खूण हेडखाली येईपर्यंत थांबायचे. पुढची पन्नास-साठ वर्षे हार्ड डिस्कचे सगळे बदलले, हे तेवढे बदलले नाही.

मधला इतिहास आम्ही थोडक्यात आटोपतो. १९६१ साली आयबीएमनेच अशी डिस्क आणली, की तिच्यात तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर हेड आपोआप तरंगे. १९७३ मध्ये ‘विंचेस्टर’ आली. तिच्यात तबकड्या व हेडे एकाच बंद डब्यात होती आणि यंत्र थांबल्यावर हलकी हेडे वंगण दिलेल्या तबकडीवरच टेकत. १९८० मध्ये सीगेट कंपनीने सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची डिस्क काढली व ती टेबलावरील संगणकात गेली. १९८८ मध्ये अडीच इंची डिस्क निघाली आणि लॅपटॉपला आपल्या मापाची स्मृती मिळाली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्र्यूनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की धातूंचे अतिशय पातळ थर एकाआड एक दिले असता चुंबकीय क्षेत्रामुळे त्यांचा विद्युतरोध फार मोठ्या प्रमाणात बदलतो. १९९७ च्या अखेरीस या तत्त्वावरची हेडे बाजारातील डिस्कमध्ये आली आणि पूर्वी वाचताच येणार नाहीत इतक्या बारीक खुणा वाचता येऊ लागल्या. दोघांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शुद्ध भौतिकीतील शोध नऊ वर्षांत घराघरांतील यंत्रात आल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

आता २०१० च्या सुमाराचा लॅपटॉप घेऊ, म्हणजे आपल्या कपाटातलाच. त्याच्या डिस्कवर ५०० गिगाबाइट माहिती मावते. रॅमॅकच्या ५० लाख अक्षरांशी तुलना करता ही वाढ एक लाख पट आहे. वाट किती पाहावी लागते? तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ सहस्रांश सेकंद. हवी ती खूण कधी लगेच येते, कधी पूर्ण फेऱ्याने, म्हणून सरासरी अर्धा फेरा, साडेपाच सहस्रांश सेकंद. हात योग्य जागी जायला आणखी सुमारे बारा. बेरीज सतराच्या आसपास. रॅमॅकला सहाशे सहस्रांश लागत, म्हणजे चोपन्न वर्षांत सुधारणा झाली ती जेमतेम पस्तीसपट.

कोठार लाखपट वाढले आणि कोठारातून वस्तू काढून आणणारा माणूस मात्र पस्तीसपट वेगाने चालू लागला, हे या सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे. सेकंदाला दोनशे कोटी ठोके देणारा प्रक्रियक या सतरा सहस्रांश सेकंदांत तीन कोटींहून अधिक ठोके नुसता बसून काढतो. लॅपटॉप सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात आणि त्या तबकडीभर विखुरलेल्या असतात. समजा, अशी २०,००० वाचने सुटी सुटी करावी लागली, तर ३४० सेकंद म्हणजे साडेपाच मिनिटांहून अधिक गेली. प्रत्यक्षात संगणक शेजारशेजारच्या गोष्टी एकदम उचलतो, म्हणून आकडा कमीजास्त होतो. पण अडचणीची जात कळावी. कपाटातला लॅपटॉप म्हातारा झाला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याचा मेंदू ठीकच असतो. हात थकलेला असतो.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. ‘सॉलिड स्टेट’ हे शब्द वडीलधाऱ्या वाचकांनी ट्रान्झिस्टर रेडिओवर छापलेले पाहिले असतील. काचेच्या व्हॉल्व्हऐवजी घन पदार्थातच सारे घडते, असा त्याचा अर्थ. एसएसडीतील पहिले दोन ‘एस’ तेच. १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डावॉन कांग आणि सायमन झे यांनी एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतरोधक थरांनी चहूबाजूंनी वेढलेला एक वाहक तुकडा ठेवायचा. त्यावर इलेक्ट्रॉन चढवले, की वीज बंद केली तरी ते तेथेच अडकून राहतात. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून ट्रान्झिस्टर विद्युतप्रवाह जाऊ देतो किंवा अडवतो. झाले, एक खूण नोंदली गेली. सगळीकडून बंद असलेल्या खोलीत ते शिरतात कसे? पुंजयामिकीच्या नियमांनुसार, भिंत पुरेशी पातळ असेल तर इलेक्ट्रॉन तिच्यातून बोगद्यातून जावे तसे पलीकडे जाऊ शकतो. व्होल्टेज वाढवून त्याला तसे भाग पाडतात.

जपानमध्ये तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी या कल्पनेला व्यवहारात आणले. एकेक खूण स्वतंत्रपणे पुसता येण्याची सोय त्यांनी सोडून दिली आणि पुष्कळ खुणा एकदम पुसायच्या असे ठरवले. त्यामुळे रचना सोपी व स्वस्त झाली. एका क्षणात सारे पुसले जाते, हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडले ‘फ्लॅश’. १९८४ मध्ये हे काम जगापुढे आले व १९८७ मध्ये त्याचा अधिक दाट प्रकार ‘नँड’ आला. आजच्या एसएसडीत तोच असतो. मासुओका यांची कहाणी मात्र फारशी सुखाची नाही. त्यांनी पुढे कंपनी सोडली, शोधाच्या मोबदल्यासाठी तिच्यावर दावा लावला, आणि २००६ मध्ये तडजोड झाली.

फ्लॅशला हात नाही, फेरा नाही. कोणतीही खूण सुमारे एक दशांश सहस्रांश सेकंदात वाचता येते. वरच्या उदाहरणातील २०,००० वाचनांना दोन सेकंद पुरतात. मग सर्वांनी लगेच तेच का घेतले नाही? पहिले कारण किंमत. १९९१ मध्ये सनडिस्क कंपनीने (पुढे हीच सॅनडिस्क; तिच्या तीन संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा हे मूळचे कानपूरचे) आयबीएमसाठी अडीच इंची एसएसडी बनवली. तिच्यात मावत होते २० मेगाबाइट आणि किंमत होती सुमारे हजार डॉलर. दुसरे कारण असे, की फ्लॅशवर लिहिणे कटकटीचे असते. जुन्या खुणेवर नवी थेट लिहिता येत नाही, आधी सबंध ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो. पाटीवरचा एक आकडा बदलायचा तर सारी पाटी पुसून पुन्हा लिहावी, तसे. शिवाय दर पुसण्यागणिक तो पातळ विद्युतरोधक थर झिजतो. म्हणून एसएसडीत एक छोटा नियंत्रक असतो. तो नवी माहिती कोऱ्या जागी लिहितो, कोणत्या ठोकळ्याने किती काम केले याचा हिशेब ठेवतो आणि सर्वांना सारखे झिजवतो. वर्गातील कामाच्या पाळ्या लावणाऱ्या मॉनिटरसारखाच तो.

एकीकडे स्वस्त, मोठे पण हळू कोठार, आणि दुसरीकडे चपळ, महाग आणि लहान. अशा वेळी कोणालाही जे सुचेल तेच अभियंत्यांना सुचले. दोन्ही एकत्र करावे. हायब्रिड डिस्क ती हीच. तिची भिस्त एका साध्या निरीक्षणावर होती. आपण साठवतो पुष्कळ, पण पुन्हा पुन्हा हात लावतो थोड्यालाच. शाळेच्या ग्रंथालयात चार हजार पुस्तके असतात आणि मुले पाळीपाळीने नेतात ती चाळीस. ग्रंथपालबाई शहाण्या असतील तर ती चाळीस पुस्तके टेबलावरच ठेवतात. कपाटाकडचे हेलपाटे वाचतात.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या पहिल्या हायब्रिडमध्ये टेबल फारच लहान होते, फ्लॅश २५६ मेगाबाइट इतकीच. शिवाय काय जवळ ठेवायचे यासाठी तिला विंडोजच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागे. २०१० मध्ये सीगेटने ‘मोमेंटस एक्सटी’ काढली. तिच्यात ५०० गिगाबाइटच्या तबकडीबरोबर चार गिगाबाइट फ्लॅश होती. म्हणजे शंभरातला एक भागही नाही, पाऊण टक्का. पण ही डिस्क संगणकाला न विचारता स्वतःच निरीक्षण करी. कोणत्या नोंदी वारंवार मागितल्या जातात ते पाही आणि त्यांची प्रत फ्लॅशमध्ये ठेवी. नवी बसवल्यावर पहिल्या दिवशी तिचा फरक कळत नसे. दोन-चार वेळा लॅपटॉप सुरू केला, की वेळ उतरू लागे. डिस्क मालकाच्या सवयी शिकत होती.

आम्हाला ही वस्तू फार आवडते, हे येथे कबूल केले पाहिजे. पाऊण टक्का जागेच्या बळावर रोजच्या कामातील मोठी वाट वाचवणे हा हिशेबी शहाणपणा आहे. पण तिची मर्यादाही त्यातच होती. रोज तेच तीन कार्यक्रम चालवणाऱ्या कारकुनाला तिचा लाभ होई. एकाच लॅपटॉपवर सकाळी गणिताचे शिक्षक, दुपारी भूगोलाचे आणि संध्याकाळी निकालपत्रकवाले बसणार असतील, तर टेबलावरची पुस्तके सारखी बदलत राहत आणि डिस्क पुन्हा आपल्या हाताच्या वेगावर येई. नव्या गोष्टी लिहिताना तर ती बव्हंशी साधी हार्ड डिस्कच होती.

या तडजोडीचे आयुष्य थोडे ठरले. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडात महापूर आला. बँकॉकच्या उत्तरेकडील डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क कडाडल्या. नेमक्या त्याच वर्षांत फ्लॅशची किंमत उतरत होती. २०१३ मध्ये सॅमसंगने फ्लॅशच्या खुणा आडव्या दाटण्याऐवजी एकावर एक चोवीस थर रचून दाखवले. गावात जागा संपली की इमारती वर जातात, तसेच हे. त्यानंतर एका एसएसडीतच पुरेशी जागा परवडू लागली आणि टेबल व कपाट वेगळे ठेवण्याचे कारणच लॅपटॉपपुरते उरले नाही. कल्पना चुकीची होती म्हणून हायब्रिड गेली असे नव्हे. मोठ्या माहिती-केंद्रांत आजही फ्लॅश पुढे आणि तबकड्या मागे अशीच मांडणी दिसते.

तेव्हा एका ओळीचे उत्तर असे : कपाटातल्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवावी. कोणी जुनी हायब्रिड स्वस्तात देऊ केली तरी तिचा मोह धरू नये, कारण तिचे फिरणारे भागही आता तितकेच जुने आहेत. ५०० गिगाबाइटची हौसही नको. लॅपटॉपमधील माहिती आज किती जागा व्यापते ते पाहावे व त्याच्या दुप्पट घ्यावी. बहुतेक शाळांना २५० गिगाबाइट पुष्कळ होतात. विकत घेण्यापूर्वी मागचे झाकण उघडून जुनी डिस्क पाहावी. जोडणी ‘साटा’ प्रकारची हवी आणि जाडीही जुळली पाहिजे. काही स्वस्त लॅपटॉपांत स्मृती मुख्य फलकावरच डाखलेली असते; तेथे हा उपाय चालत नाही.

पण निवड करताना फक्त वेग पाहिला जातो, आणि आमची खरी काळजी तेथे आहे. हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन वेगळ्या तऱ्हांनी विसरतात. हार्ड डिस्कचे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते, आपला केस त्याच्या हजारो पट जाड असतो. चालू लॅपटॉप बाकावरून पडला की संपले. (याच भीतीने २००३ पासून काही लॅपटॉपांत धक्का ओळखणारा संवेदक बसवू लागले, आणि पुढे भूकंपशास्त्रज्ञांनी तोच भूकंपमापक म्हणून वापरून पाहिला.) मात्र हार्ड डिस्क पुष्कळदा मरण्यापूर्वी कुरकुरते, टकटक करते, माणसाला प्रत काढायला थोडा अवधी मिळतो.

एसएसडी पडण्याला भीत नाही, पण ती जाते तेव्हा आवाज करीत नाही. आमच्यापैकी एकाच्या चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि निरीक्षणांच्या नोंदी अशाच एका सोमवारी सकाळी गेल्या. शनिवारी यंत्र उत्तम चालत होते. चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून कित्येकदा परत मिळवता येते. एसएसडीचा नियंत्रक मात्र मोकळी झालेली जागा स्वतःहून साफ करून ठेवतो, म्हणून तेथे ती आशा फार थोडी. शिवाय अडकवलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात. या उद्योगाच्या मानकानुसार, लेखनाची ठरलेली मर्यादा गाठलेल्या एसएसडीने विजेशिवाय तीस अंश सेल्सियस तापमानात एक वर्ष माहिती टिकवली की पुरे. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक टिकवते. तरी विदर्भातील मे महिन्यात बंद कपाटात पडलेल्या जुन्या एसएसडीवर शाळेचे एकमेव निकालपत्रक सोपवणे आम्हाला धाडसाचे वाटते. जनरल रजिस्टरमधील नोंदीवरून पन्नास वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचा दाखला आपण आजही देतो. त्या कागदाशी या दोन्ही वस्तूंची बरोबरी नाही.

यावर उपाय म्हणून काढलेली जुनी हार्ड डिस्क टाकून देऊ नये. थोड्या पैशांत तिच्यासाठी यूएसबीचे कवच मिळते. ती चालू स्थितीत असेल तर दर महिन्याला तिच्यावर सर्व कामाची प्रत काढावी, वर तारीख चिकटवावी आणि शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवावी. जुन्या डिस्कवर पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून निकालासारख्या गोष्टींची तिसरी प्रतही असावी.

आणि ती मेलेलीच असेल तर विज्ञानाच्या तासाला उघडावी. चांदणीच्या आकाराच्या खाचेचे छोटे स्क्रू काढले की झाकण निघते. आतील दोन चुंबक निओडिमियमचे व अतिशय बळकट असतात, त्यांच्यामध्ये बोट सापडू देऊ नये. लॅपटॉपच्या कित्येक डिस्कमधील तबकडी काचेची असते, ती वाकवून पाहू नये. तिच्यात आपला चेहरा आरशासारखा दिसतो. मग मुलांनी हात बोटाने हळूच आतून बाहेर फिरवावा आणि हेडला जास्तीत जास्त किती अंतर जावे लागे ते पट्टीने मोजावे. सुमारे दोन सेंटिमीटर भरते.